आमांशाच्या जंतूंची उसनवारी

आमांश हा आपल्या परिचयाचा रोग आहे. पावसाळ्याच्या तोंडीं पाणी गढूळ झालें कीं पोटांत मुरडा येणें, वारंवार शौचास लागणें, आव व रक्त पडणें हीं लक्षणें कधींच दिसलीं नाहींत असें घर विरळा. वैद्यकाच्या ग्रंथांत या रोगाचे मुख्य दोन प्रकार सांगितलेले असतात. एक अमीबा नांवाच्या सूक्ष्म प्राण्यापासून होणारा, आणि दुसरा शिगेला नांवाच्या जंतूंपासून होणारा. आज आपणांस दुसऱ्या प्रकाराचाच विचार करावयाचा आहे, आणि तोहि रोगाचे उपचार सांगण्यासाठीं नव्हे. या जंतूंनीं औषधांना दाद न देण्याची विद्या कोठून मिळविली, ती ते एकमेकांस कशी देतात, आणि जपानांतील कांहीं संशोधकांनीं ही गोष्ट १९५५ ते १९६१ या थोडक्या काळांत कशी हुडकून काढली, हा इतिहास मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

या जंतूच्या शोधाचा मान डॉ. कियोशी शिगा या जपानी शास्त्रज्ञांचा आहे. १८९७ सालीं जपानांत आमांशाची भयंकर सांथ पसरली. नव्वद हजारांहून अधिक माणसें आजारी पडलीं, आणि त्यांपैकीं पांचांत एकाहून अधिक दगावलीं. जपानी भाषेंत या रोगाला ‘सेकिरी’ म्हणतात. रक्ताच्या तांबड्या रंगाचा निर्देश त्या शब्दांतच आहे. शिगा त्या वेळीं अवघे सव्वीस वर्षांचे असून टोकियो येथील सांसर्गिक रोगांच्या संस्थेंत किटासाटो या विख्यात शास्त्रज्ञांच्या हाताखालीं काम करीत होते. छत्तीस रोग्यांच्या मळाची तपासणी करून त्यांनीं त्यांतून एक आंखूड, दंडाकार जंतु वेगळा काढला. रोगांतून उठणाऱ्या माणसाच्या रक्तांतील द्रव या जंतूंत मिसळला असतां जंतूंच्या गुठळ्या बनतात, असें दाखवून त्यांनीं रोग व जंतु यांचा संबंध सिद्ध केला. पुढें या साऱ्या कुळालाच शिगा यांच्यावरून ‘शिगेला’ हें नांव मिळालें.

१९०१ सालीं शिगा जर्मनींत फ्रांकफुर्ट येथें पाउल एर्लिख यांच्याकडे गेले. माणसाच्या शरीराला इजा न करतां नेमक्या रोगजंतूलाच मारील असें रसायन शोधून काढावें, हा एर्लिख यांचा ध्यास होता. या दोघांनीं १९०४ सालीं ‘ट्रिपॅन रेड’ नांवाचा एक रंग प्रसिद्ध केला. ट्रिपॅनोसोम नांवाच्या रक्तांतील सूक्ष्म जीवांना तो उंदरांच्या शरीरांत मारीत असे. परंतु लवकरच, १९०७ च्या सुमारास, एर्लिख यांच्याच प्रयोगशाळेंत असें आढळून आलें कीं, औषध अपुरें पडून जे जीव वांचतात त्यांची पुढील प्रजा त्या औषधाला जुमानीत नाहीं. म्हणजे रासायनिक औषध आणि त्याला होणारा विरोध हीं भावंडें जवळजवळ एकाच घरांत जन्मास आलीं. मात्र तेथें दिसलेला विरोध वंशपरंपरेचा होता. एका पिढीचा गुण दुसऱ्या पिढींत उतरावा, तसा तो उतरत असे. आमांशाच्या जंतूनें पन्नास वर्षांनंतर जें दाखविलें, तें याहून निराळें होतें.

रोगजंतूंवर सर्रास देतां येतील अशीं औषधें मिळण्यास १९३५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं गेरहार्ट डोमाक यांनीं प्रोंटोसिलचे गुण प्रसिद्ध केले आणि सल्फा औषधांचें युग सुरू झालें. जपानांत आमांशावर हीं औषधें मोठ्या प्रमाणावर वापरांत आलीं तीं दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४५ नंतर. शहरें बेचिराख झालेलीं, लोक दाटीवाटीनें राहत असलेले, स्वच्छ पाण्याची वाण. अशा स्थितींत आमांशाला रान मोकळें होतें. सल्फा औषधांनीं पहिलीं दोन-तीन वर्षें चमत्कार वाटावा असें काम केलें, आणि रोग्यांची संख्या झपाट्यानें उतरली. परंतु १९४९ नंतर ती पुन्हां चढूं लागली. १९५२ च्या सुमारास पाहावें तों रोग्यांपासून मिळणारे बहुतेक जंतु सल्फाला दाद देईनासे झाले होते.

तोंपर्यंत डॉक्टरांच्या हातीं नवीं शस्त्रें आलीं होतीं. स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल व टेट्रासायक्लिन हीं तीं औषधें होत. त्यांचा मूळ शोध मातींत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून लागला, व आज आपण त्या वर्गास प्रतिजैविक औषधें म्हणतों. एक निकामी झालें तर दुसरें आहे, दुसरें गेलें तर तिसरें आहे, असा भरंवसा वाटत होता. आणि त्यामागें हिशेबहि होता. एखाद्या जंतूच्या अंगीं अकस्मात् बदल घडून त्याला एखाद्या औषधापासून संरक्षण मिळतें, हें खरें. पण असा योग कोटि जंतूंत एखाद्याच्या वांट्याला येतो असें धरलें, तर दोन औषधांविरुद्धचे दोन बदल एकाच जंतूंत एकाच वेळीं घडण्याचा योग कोटि गुणिलें कोटि इतका दुर्मिळ ठरतो. चार औषधांचा हिशेब मांडला तर एकावर अठ्ठावीस शून्यें येतात. असा जंतु कोणा माणसाच्या आंतड्यांत आपोआप उपजेल, असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

१९५५ सालीं हाँगकाँगहून जपानांत परतलेल्या एका रोग्यापासून जो शिगेला मिळाला, तो सल्फा धरून या चारहि औषधांना दाद देत नव्हता. एखादा अपवाद म्हणून हें प्रकरण मिटलें असतें. १९५७ च्या आरंभीं वृद्ध शिगा निवर्तले, आणि त्याच वर्षापासून त्यांच्या देशांत असे चारहि औषधांना न जुमानणारे जंतु ठिकठिकाणच्या सांथींतून वारंवार दिसूं लागले. हिशेबाप्रमाणें जें घडूं नये, तें दर मोसमांत घडत होतें. अर्थात् हिशेबाचें मूळ गृहीतच कोठेंतरी चुकत होतें.

या कोड्याचा उलगडा होण्यास रुग्णालयांतील बारीक निरीक्षण कारण झालें. एकाच सांथींत, एकाच जातीचे शिगेला कांहीं रोग्यांत चारहि औषधांना बळी पडत आणि कांहींत एकालाहि पडत नसत. कधीं कधीं तर एकाच रोग्याच्या मळांत दोन्ही प्रकार सांपडत. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी कीं, एखाद्या रोग्याला केवळ क्लोरॅम्फेनिकॉल दिलें असतां, थोड्याच दिवसांत त्याच्या पोटांतून जे जंतु बाहेर पडत, ते क्लोरॅम्फेनिकॉलबरोबरच ज्यांचा त्याला स्पर्शहि झालेला नव्हता अशा इतर तीन औषधांनाहि जुमानीत नसत. एका कुलपाच्या किल्लीबरोबर साऱ्या किल्ल्यांचा जुडगाच जंतूच्या हातीं लागावा, तसा हा प्रकार होता.

तेव्हां संशोधकांनीं एक साधी पण महत्त्वाची गोष्ट केली. रोगजंतूंपुरतें न पाहतां त्यांनीं रोग्याच्या आंतड्यांतील निरुपद्रवी जंतूंकडेहि पाहिलें. आपणां सर्वांच्या आंतड्यांत ई. कोलाय नांवाचे जंतु जन्मल्यापासून वस्ती करून असतात, आणि एरवीं ते आपणांस कांहींएक त्रास देत नाहींत. चारहि औषधांना दाद न देणारे शिगेला ज्या रोग्यांत होते, त्यांच्या आंतड्यांतील ई. कोलायहि पुष्कळदां त्याच चार औषधांना दाद देत नाहींत असें दिसून आलें. शेजारीं राहणाऱ्या दोन भिन्न जातींजवळ एकच किल्ल्यांचा जुडगा कसा आला? टोकियो विद्यापीठांतील तोमोइचिरो आकिबा यांनीं तर्क केला कीं, तो एकानें दुसऱ्यास दिला असला पाहिजे.

१९५९ सालीं आकिबा व त्यांचे सहकारी, आणि स्वतंत्रपणें कुनितारो ओचिआइ व त्यांचे सहकारी यांनीं हा तर्क प्रयोगानें पडताळून पाहिला. औषधांना दाद न देणारे ई. कोलाय आणि औषधांना बळी पडणारे शिगेला त्यांनीं एकाच पात्रांत कांहीं वेळ एकत्र वाढविले. या दोन जाती ओळखणें कठीण नसतें, ई. कोलाय सामान्यतः दुधांतील साखर लवकर आंबवितो, आणि शिगेला तसें करीत नाहीं, म्हणून योग्य रंग घातलेल्या खाद्यावर त्यांच्या वसाहती निरनिराळ्या रंगांच्या दिसतात. एकत्र राहून झाल्यावर शिगेलाच्या ज्या वसाहती वाढल्या, त्यांत चारहि औषधांना न जुमानणाऱ्या वसाहती निघाल्या. तसाच त्यांच्याकडून तो गुण पुन्हां दुसऱ्या ई. कोलायकडे जात होता. वंशाचा कांहीं संबंध नसतां, केवळ सहवासानें गुण लागला होता.

‘ढवळ्याशेजारीं बांधला पवळा, वाण नाहीं पण गुण लागला’ ही आपली म्हण जंतूंच्या बाबतींत अक्षरशः खरी ठरली.

हा गुण कोणत्या मार्गानें लागतो, याचा कसून शोध टोकियोच्या केइओ विद्यापीठांतील त्सुतोमु वातानाबे व त्यांचे सहकारी फुकासावा यांनीं घेतला. १९६० व १९६१ या दोन वर्षांत त्यांनीं केलेले प्रयोग या विषयाचा पाया ठरले. दाद न देणाऱ्या जंतूंचा अर्क बारीक गाळणींतून गाळून तो दुसऱ्या जंतूंना दिला, तर कांहींच घडत नाहीं. दोन्ही प्रकारचे जिवंत जंतु एकमेकांस प्रत्यक्ष भिडले तरच गुण जातो, आणि त्यांना यंत्रानें घुसळून अलग केलें कीं देवघेव तुटते. जंतूंचा असा संयोग होतो हें अमेरिकेंत जोशुआ लेडरबर्ग व एडवर्ड टेटम यांनीं १९४६ सालींच दाखविलें होतें. परंतु तोंवर ती प्रयोगशाळेंतील एक नवलाची गोष्ट समजली जात होती. वातानाबे यांना असेंहि दिसून आलें कीं, ॲक्रिडीन जातीच्या रंगांची क्रिया केली असतां कांहीं जंतु तो सारा जुडगा एकदम गमावून बसतात आणि एरवीं सुखरूप राहतात. यावरून हा गुण जंतूच्या मुख्य गुणसूत्रांत नसून बाहेर, वेगळ्या वस्तूंत असावा, असें अनुमान निघालें.

या वेगळ्या वस्तूला आज आपण प्लास्मिड म्हणतों. हा शब्द लेडरबर्ग यांनीं १९५२ सालीं योजिला होता. प्लास्मिड म्हणजे डीएनएचें एक लहानसें कडें. एक जंतु दुसऱ्याकडे केसासारखा बारीक तंतु टाकतो, त्याला जवळ ओढतो, आणि या कड्याची एक प्रत त्याच्या अंगांत सोडतो. मूळ कडें देणाऱ्याजवळ तसेंच राहतें. दिव्यानें दिवा लावावा तसें हें आहे. पहिल्या दिव्याचा प्रकाश कमी होत नाहीं, आणि दुसरा दिवा तिसऱ्यास लावण्यास मोकळा होतो. त्या काळांत जपानांतील शिगेलापासून मिळालेलें आर-१०० नांवाचें प्लास्मिड पुढें जगभर अभ्यासिलें गेलें. त्याची लांबी सुमारें ९४,००० अक्षरांची आहे. त्यांतील एका जनुकाच्या आज्ञेनें जंतु क्लोरॅम्फेनिकॉलला एक लहानसा रासायनिक जोड लावून तें निकामी करतो. दुसरें स्ट्रेप्टोमायसिनची तशीच गत करतें. तिसरें टेट्रासायक्लिन आंत शिरतांच बाहेर उपसून टाकणारा पंप बनवितें. चौथें सल्फा ज्या कार्यद्रव्याला अडवितें त्याच्या ऐवजीं न अडणारें दुसरें कार्यद्रव्य पुरवितें. पाऱ्याच्या विषारी क्षारांपासून रक्षण करणारीं जनुकेंहि त्याच कड्यावर आहेत. म्हणून एका औषधाचा मारा झाला कीं, सारा जुडगा बाळगणारे जंतु तेवढे तगतात, आणि न वापरलेल्या औषधांविरुद्धचें बळहि त्याबरोबर आयतें वाढीस लागतें.

जपानांतील हें आरंभींचें काम बहुतांशीं जपानी भाषेंत प्रसिद्ध झालें, आणि पश्चिमेकडील विद्वानांस तें उशीरां कळलें. लंडन येथें नेओमी दत्ता यांनीं १९५९ सालच्या एका सांथींतील साल्मोनेला जंतु तपासून १९६२ सालीं अशीच देवघेव तेथेंहि होते असें प्रसिद्ध केलें. १९६३ सालीं वातानाबे यांनीं इंग्रजींत एक विस्तृत लेख लिहून या प्रकाराला ‘सांसर्गिक आनुवंशिकता’ अशा अर्थाचें नांव दिलें, आणि मग जगाचें लक्ष वेधलें गेलें. ब्रिटनमध्यें गुरांच्या खाद्यांत प्रतिजैविकें मिसळण्याच्या चालीची चौकशी करणाऱ्या स्वॅन समितीनें १९६९ सालीं आपला अहवाल दिला. माणसांच्या उपचारांत लागणारीं औषधें केवळ जनावरें पुष्ट करण्यासाठीं वापरूं नयेत, या तिच्या शिफारशीमागें हीच भीति होती. गोठ्यांतील निरुपद्रवी जंतु जें बळ मिळवितो, तें माणसाच्या रोगजंतूच्या हातीं जाण्यास आतां मार्ग दिसत होता.

येथें एक शंका साहजिक आहे. हीं कडीं जंतूंजवळ पूर्वींपासून होतीं, कीं औषधांनीं तीं निर्माण केलीं? याचें उत्तर जुन्या जतन केलेल्या जंतूंनीं दिलें. ई. जी. डी. मरे या शास्त्रज्ञांनीं १९१७ पासून १९५४ पर्यंत निरनिराळ्या देशांतील आंतड्यांचे जंतु सीलबंद नळ्यांतून सांठवून ठेविले होते. व्हिक्टोरिया ह्यूज व नेओमी दत्ता यांनीं त्यांतील चारशेंहून अधिक नमुने तपासून १९८३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारें चौथ्या हिश्श्याच्या जंतूंत एकाकडून दुसऱ्याकडे जाणारीं प्लास्मिडें होतीं. पण प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण त्या प्लास्मिडांवर नव्हता. म्हणजे गाड्या पूर्वींपासून धांवत होत्या, त्यांत हा माल मात्र भरलेला नव्हता. तो माल कांहीं मनुष्यानें नव्यानें घडविला असें नव्हे. तशीं जनुकें निसर्गांत कोठें कोठें होतींच. परंतु त्या मालाला जगभर गिऱ्हाईक मिळालें, तें मनुष्यानें औषधांचा पूर वाहविल्यानंतर.

पुढची कथा फार सुखाची नाहीं. १९६८-६९ च्या सुमारास ग्वाटेमालांत खुद्द शिगा यांनीं शोधलेल्या जातीच्या जंतूची सांथ उद्भवली आणि मध्य अमेरिकेंत पसरली. प्रथम हा अमीबाचा आमांश आहे अशा समजुतीनें उपचार झाले; आणि खरें कारण कळल्यावर दिसून आलें कीं सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल व टेट्रासायक्लिन हीं चारहि औषधें त्या जंतूपुढें लंगडीं आहेत. हजारों माणसें, त्यांतहि मुलें, त्या सांथींत गेलीं. १९८४ सालीं हाच जंतु आपल्या देशांत बंगालमध्यें आला, तेव्हां जुनीं औषधें लागू पडेनात, आणि नॅलिडिक्सिक ॲसिडवर भिस्त ठेवावी लागली. थोड्याच वर्षांत तेंहि लागू पडेनासें झालें. २००२ सालीं बंगालच्या उत्तर भागांतील सांथींत त्याच्याहून जबर असें सिप्रोफ्लॉक्सासिनहि निष्फळ ठरलें. या शेवटच्या दोन औषधांच्या बाबतींत मुख्य कारण जंतूच्या स्वतःच्या गुणसूत्रांतील बदल हें आहे, उसनवारी नव्हे. तरी या वर्गाविरुद्धचें संरक्षणहि प्लास्मिडावरून जाऊं शकतें, असें १९९८ सालीं सिद्ध झालें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ व २०२४ सालीं, नव्या औषधांची निकड असलेल्या जंतूंच्या ज्या याद्या केल्या, त्या दोन्हींत शिगेलाचें नांव आहे.

या इतिहासांतून आपण गृहस्थांनीं काय घ्यावें? औषधाची गोळी ही आजवर आपण खाजगी वस्तु समजत आलों. ती माझ्या रोगासाठीं, माझ्या पोटांत जाणार, तिचें बरेंवाईट माझें मीं पाहावें, असा आपला समज असतो. जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं, तिचा परिणाम घेणाऱ्याच्या देहापाशीं थांबत नाहीं. सर्दीपडशावर किंवा साध्या जुलाबावर उगाच घेतलेली प्रतिजैविक गोळी आपल्या आंतड्यांतील निरुपद्रवी रहिवाशांतून दाद न देणारे तेवढे निवडून ठेवते. आणि पुढें कधीं एखादा रोगजंतु त्या वस्तींत उतरला, तर तेथें त्याला उसनें देणारा सावकार तयार असतो. तोच जंतु मग न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या घरीं जातो. शिगेलाला नवा रोगी करण्यास दहा ते शंभर जंतूहि पुरतात. हें ऋण काढलें एकानें, आणि फेडलें कोणा अनोळखी घरांतील मुलानें, असें होऊं शकतें.

म्हणून डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून अशी गोळी घेऊं नये, गेल्या आजारांतील उरलेल्या गोळ्या पुन्हां काढूं नयेत, आणि ज्याला खरोखरच गरज आहे त्याला ती देण्यास कचरूं नये. रक्ती आमांशाच्या लहान मुलाला वेळेवर योग्य औषध मिळणें हा त्याच्या जीविताचा प्रश्न असतो. आणि त्या वेळीं औषध लागू पडावें, म्हणूनच एरवीं तें जपून ठेवावयाचें. याहून मोठा उपाय जुनाच आहे. १८९७ सालच्या सांथीला औषध नव्हतें, तरी शुद्ध पाणी, झाकलेलें अन्न, मैल्याची नीट विल्हेवाट आणि साबणानें धुतलेले हात यांचा मारा तेव्हांहि चालला असता, आणि आजहि चालतो. या उपायांविरुद्ध उसनी देतां येईल अशी विद्या अजून कोणत्याहि जंतूनें संपादन केलेली नाहीं.